बायोस-किल्लेदाराची बदली आणि खोटी अष्टमी

श्रीगजानन समर्थ, कुलस्वामिनी सन्निध. शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, इंग्रजी सन एकोणीसशे नव्याण्णव, ते समयी प्रांत कल्याण, मौजे मानपाडा, डोंबिवली पूर्व, येथे जे वर्तमान जाहले ते यथास्थित लिहितो. पदरचे काही घातले नाही आणि भिडेखातर काही गाळले नाही. मात्र जेथे खाशांची फजिती जाहली तेथे लेखणी जरा रेंगाळली, त्यास इलाज नाही, कारण मौज तेथेच होती.

राजमान्य राजश्री विठ्ठलराव म्हणजे मूळचे वाई प्रांतीचे, शहाडच्या एका थोर कारखान्यात तीस वर्षे फिटरकीची मनसब भोगलेले, हाताचे कसबी आणि कानाचे तिखट, यंत्राच्या नुसत्या आवाजावरून त्याचे दुखणे सांगणारे. पुढे कारखान्याने माणसे कमी करावयाची मसलत केली आणि खाशांस शाल, नारळ व भिंतीवरचे घड्याळ देऊन घरी रवाना केले, आणि मग वयाच्या चौपन्नाव्या वर्षी ते दूध आणणे, रेशनच्या रांगेत उभे राहणे आणि जिन्यातल्या दिव्याची तक्रार करणे या तीन कामांवर तैनात जाहले. घरात कोणी टाकून बोलत नसे. परंतु दुपारच्या वेळी आपले पाय नेमके कोठे ठेवावे हेच त्यांस उमजेना, आणि कुटुंब हौसाबाई केर काढू लागल्या की ते आपणच उठून गॅलरीत जात. याचे त्यांस फार वाईट वाटे.

मग त्यांनी मनाचा हिय्या करून संगणक घेतला आणि त्यात जन्मपत्रिका मांडावयाचा प्रोग्राम घातला. यंत्र जुळविणारी मालू, ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातील नाथा नाखव्याची कन्या, वय अठ्ठावीस, ठाण्यात संगणकदुरुस्तीच्या कामावर, हातात पेचकस धरिला म्हणजे भल्याभल्यांस गप्प करणारी. तिचा बाप नाथा रोज पहाटे मासळीचा टेम्पो घेऊन मानपाड्याच्या बाजारी येई, त्याच्याकडून ही ओळख. यंत्र दाखल जाहले आणि मौज्यात बोलबाला जाहला. कर्रर्र कर्रर्र करीत प्रिंटर पत्रिका ओकू लागला, आणि लग्नाच्या मुलींचे बाप, दुकान काढणारे, बोअरवेल खणणारे, सगळे जिना चढू लागले, आणि खाशांस पत्रिकावाले काका ऐसा किताब मिळाला. आता हौसाबाई केर काढताना त्यांच्या खुर्चीस वळसा घालून जात. एवढा मान त्यांस कारखान्यातही नव्हता.

आणि त्यातच कन्या मनुबाई, शहाडास दिलेली, तिला दिवस गेले आणि पौषात नातवंड होणार ऐसा डॉक्टरांनी कौल दिला. व्याह्यांचे म्हणणे पडले की आमचे जुने गुरुजी आहेत, ते हाताने पत्रिका मांडतील. विठ्ठलरावांनी भर जेवणावळीत जाहीर केले की पहिल्या नातवंडाची पत्रिका माझ्या यंत्रावर, माझ्या हाताने निघेल, आणि बारशाच्या दिवशी पाळण्याखाली ठेवीन. चाळीस पानांदेखत शब्द गेला. येथून पुढे जे जाहले ते सगळे या एका शब्दापायी.

आता बायोस म्हणजे काय, हे वाचणारास सांगणे प्राप्त आहे. संगणकाच्या पोटात मदरबोर्ड म्हणून एक हिरवी फळी असते, तिला गड समजावे, आणि त्या फळीवर नखाएवढ्या एका चिपेत बायोस नामे किल्लेदार राहतो. बटण दाबले की सर्वांआधी हा जागा होतो, कोठारे मोजतो, कीबोर्ड जागेवर आहे का पाहतो, टूं असे एक शिंग फुंकतो आणि मग दरवाजा उघडून देतो. गडावरची तारीखवारही त्याच्याच दप्तरी. विठ्ठलरावांच्या यंत्रातला किल्लेदार इमानी होता, परंतु त्यास घडविणारांनी चौऱ्याण्णव ते नव्याण्णव एवढीच सहा साले पढविली होती. दोन हजार सालाची त्यास वार्ताही नव्हती.

हे उघडकीस कैसे आले, तर डिसेंबराच्या पाच तारखेस, रविवारी भर दुपारी, वर्तमानपत्रात दोन हजार सालच्या संकटाची कैफियत वाचून विठ्ठलरावांनी यंत्राची परीक्षा घ्यावयाची ठरविली. यंत्रात एकतीस डिसेंबर नव्याण्णव, रात्रीचे अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटे ऐसे घातले आणि आमटीभात खात बसले. दोन मिनिटे झाली आणि किल्लेदाराने बेधडक एक जानेवारी चौऱ्याण्णव लिहिले. खाशांनी दोन हजार घालून पाहिले, तो घेईना. मग त्यांनी होणाऱ्या नातवंडाचा अंदाजे दिवस, दहा जानेवारी दोन हजार, पत्रिकेत भरला, तो यंत्राने उत्तर दिले की सदरहू जन्म अद्याप व्हावयाचा आहे, सबब पत्रिका मिळणार नाही. यंत्राच्या हिशेबी चौऱ्याण्णव साल चालू होते, आणि सहा वर्षांनी जन्मणाऱ्या पोराची पत्रिका कोण देईल. विठ्ठलराव हात न धुता तसेच बसून राहिले.

त्याच बैठकीस मालूस फोन गेला आणि तिने उपाय सांगितला तो असा. बोर्ड करणाऱ्या कंपनीने नवा बायोस केला आहे, तो फ्लॉपीवरून चिपेत उतरवायचा. जुना किल्लेदार पुसून त्याच जागी नवा बसवायचा. काम पाच-सात मिनिटांचे. परंतु जुना गेला आणि नवा पुरता आला नाही, एवढ्या अवधीत जर वीज गेली, तर गडावर कोणीच नाही. मग पडदा काळा, शिंग नाही, आणि दुसरा किल्लेदार पाठवावा तर त्यास आत घेण्यास दरवाजाशी माणूस नाही. बोर्ड फेकून द्यावा लागतो, आणि हा बोर्ड जुना, याचा जोड बाजारात मिळत नाही. मालूचे मूळ शब्द नोंदतो. ती म्हणाली, "काका, मी कंपनीतून फाइल उतरून आणते. पन लाइट गेली तर माझ्या नावानं बोंबलायचं नाय."

खाशांनी काम पत्करिले आणि मग यंत्रासच मुहूर्त विचारला. आपण लोकांस मुहूर्त देतो आणि आपल्या कामास न पाहावा, हे त्यांच्या तत्त्वात बसेना. प्रोग्राम फक्त महिना विचारी, साल किल्लेदाराकडून परस्पर घेई. डिसेंबर घातला आणि चिठ्ठी निघाली: दहा तारीख, मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे, यंत्रकर्मास अत्युत्तम. चिठ्ठीवर वार आणि साल नसे, कारण शाई वाचविण्यासाठी ती दोन्ही खाशांनीच काढून टाकविली होती. आणि या सगळ्या गडबडीत यंत्राची तारीख परत घालावयाची राहिली. ही ओळ वाचणाराने ध्यानी ठेवावी. विठ्ठलरावांनी ठेविली नाही.

दहा तारीख शुक्रवारी येत होती आणि येथे पहिला पेच पडला. मानपाड्याशेजारी कारखान्यांची वसाहत, तिला सुट्टी शुक्रवारी, म्हणून तारा-खांबांची दुरुस्तीही शुक्रवारीच, आणि दर शुक्रवारी सकाळी नऊ ते दुपारी दोन वीज बंद. हे मौज्यातले शेंबडे पोरही जाणते, इस्त्रीवाला त्या दिवशी दुकान उघडत नाही. खाशांच्या घरी यूपीएस म्हणून, वीज गेल्यावर यंत्र घटकाभर जगविणारी, एक पेटी होती, परंतु तिची बॅटरी म्हातारी होऊन वीज जाताच टीं म्हणून प्राण सोडी. मालूने सुचविले की शनिवारी करू, शनिवारी लाइट असते. हौसाबाईंनी तेच म्हटले. त्यावर विठ्ठलरावांनी हुकूम केला की मुहूर्त हलणार नाही, वीज जेथे असेल तेथे गड हलवावा. आणि वर्तकनगरी राहणारे जुने सोबती कुंडलिकराव, कारखान्यातले त्यांचेच जोडीदार, यांस फोन करून ठाणे प्रांती छावणीची जागा मागितली. कुंडलिकरावांनी आनंदाने दिली, आणि जाता जाता आपल्या नव्या स्कूटरीस मुहूर्त मागितला. खाशांनी त्याच यंत्रातून काढून सांगितला, चौदा तारीख. तोवर गाडीला किक मारू नये. गाडी जिन्याखाली चादरीत गुंडाळून राहिली.

शुक्रवारी प्रातःकाळी स्वारी निघाली. यंत्राच्या पेटीस दोन गोधड्या, पडद्यास एक, कीबोर्ड पिशवीत, म्हातारी यूपीएसही सोबत, आणि मुहूर्ताची चिठ्ठी खाशांच्या सदऱ्याच्या खिशात. वाहन कोणते, तर नाथा नाखव्याचा मासळीचा टेम्पो, जो बाजारी माल उतरवून ठाण्यास रिकामाच परतत असे. टेम्पो धुतला होता, नाथाने दोनदा धुतला होता, तरी बोंबील तो बोंबील. हौसाबाईंनी नाकाला पदर लावला नाही, कारण नाथा समोर बसला होता, परंतु त्यांचे ओठ शिळफाट्यापर्यंत मिटलेले होते. विठ्ठलराव मागे यंत्रापाशी बसले, पेटी मांडीवर, आणि प्रत्येक खड्ड्यास स्वतः वर उचलले जात, पण पेटी हलू देत नसत. मुंब्रा मागे पडले आणि कळव्याच्या पुलावर टेम्पो गर्दीत अडकला. नाथाने खिडकीतून खाडीकडे पाहिले आणि मागे वळून सांगितले, "काका, पानी बघा कसा चढतंय. मंगलवारची आवस झाली, अजून उधान उतराला नाय." विठ्ठलराव हं म्हणाले. त्यांचे चित्त खिशातल्या अष्टमीवर होते.

साडेदहास छावणी वर्तकनगरी, इमारतीच्या तळमजल्यावर, कुंडलिकरावांच्या बाहेरच्या खोलीत पडली. मालू आधीच दाखल होती आणि तिने टेबल भिंतीपासून पुढे ओढून ठेविले होते. तिचा बंदोबस्त पाहून विठ्ठलरावांस धीर आला. तिने पहिले काम म्हणजे पेटी उघडून बोर्डावरचे बारीक नाव भिंगाने वाचिले, आणि यंत्र सुरू करून पडद्याच्या तळाशी येणारी आकड्यांची ओळ मध्येच थांबवून वहीत उतरविली, आणि दोन्ही आपल्या फाइलीशी ताडून पाहिली, कारण दुसऱ्या बोर्डाचा बायोस या बोर्डात घातला तर तोही सर्वनाशच. मग बायोसच्या आतल्या सगळ्या नोंदी एकेक पान करून लिहून घेतल्या. मग फ्लॉपी एक नव्हे, तीन काढिल्या, तिन्हींवर तोच माल, आणि चौथी कोरी, तीत जुना किल्लेदार जिवंत उतरवून ठेवावयाचा, की न जाणो नव्याशी न पटले तर परत बोलाविता येईल. मग बोर्डावर एक काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढे टोपण होते, ते एका खुंटीवरून दुसरीवर सरकविले, तेव्हा चिप लिहिण्यास मोकळी जाहली. आणि तिने फर्मान काढिले की एकदा लिहिणे सुरू झाले की कोणी कीबोर्डास हात लावू नये, टेबलास गुडघा लावू नये, आणि चहा आत आणू नये. कुंडलिकरावांनी विचारले की चालणारं यंत्र उगाच कशाला छेडायचं. मालू म्हणाली, "बरोबर हाय काका. गरज नसती तर मी पन हात लावला नसता."

आता दुसरा शत्रू. त्या इमारतीत पाण्याचा पंप सुरू होताना दिवे मंदावत, आणि कधी कधी सगळ्या तळमजल्याचा फ्यूजच उडे. पंपाचा मालक म्हणजे जगन, सोसायटीचा वॉचमन, आणि रोज अकराचा त्याचा नेम. कुंडलिकराव जातीने त्याच्या खोलीशी गेले आणि रदबदली केली, आणि तह ठरला की आज पंप साडेअकरापूर्वी सुरू होणार नाही. जगन म्हणाला, "साडेअकरा म्हणजे साडेअकरा साहेब. एक मिनिट इकडंतिकडं नाही." आणि तो शब्दाचा पक्का होता. परंतु त्याने हे कोणास सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही, की आपल्या मनगटावरचे घड्याळ त्याने कामावर उशीर होऊ नये म्हणून पंधरा मिनिटे पुढे करून ठेविले होते.

अकरा वाजले. यंत्रास हळदकुंकू वाहिले, पेटीवर सुपारी ठेविली, आणि विठ्ठलरावांनी खिशातली चिठ्ठी काढून सर्वांसमक्ष कीबोर्डाशेजारी मांडिली. पहिली फ्लॉपी आत गेली. पडद्यावर प्रश्न उभा राहिला की नवा बायोस लिहावा काय, होय किंवा नाही. अकरा वाजून सात मिनिटे. विठ्ठलरावांचे बोट त्या एका कळेवर ठेविले होते आणि दृष्टी भिंतीवरच्या घड्याळावर. मनात एकच की बोर्ड मेला तर नातवंडाची पत्रिका गेली, व्याह्यांपुढे मान गेली, आणि आपण परत गॅलरीत.

हौसाबाई बाजूच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांनी सहज ती चिठ्ठी उचलली. चष्मा नव्हता म्हणून लांब धरून वाचिली. मग पुन्हा वाचिली.

"अहो," त्या म्हणाल्या, "इथं अष्टमी लिहिलंय."

विठ्ठलरावांनी मान न वळविता हुंकार दिला.

"अहो, काल मी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार मांडला. संध्याकाळी दिवा दाखवायला गॅलरीत गेले तर चंद्र नखाएवढा. आज अष्टमी कुठून आली?"

विठ्ठलरावांनी सांगितले की यंत्र चुकत नाही. परंतु मालू चिठ्ठीकडे आली आणि थांबली. अष्टमीला भांगाचे पाणी असते, लहान, मेलेले, एवढे तर कोळणीच्या घरात रांगत्या पोरास ठाऊक. ती म्हणाली, "काका, काल दुपारी पानी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलेलं. अष्टमीला तिथं चिखल असतो. आज तीज हाय, तीज." आणि तेव्हा विठ्ठलरावांस कळव्याचा पूल आठवला, आणि नाथाने सांगितलेली मंगळवारची अमावास्या आठवली, आणि बोट कळेवरून आपोआप उठले. मंगळवारी अमावास्या, तर शुक्रवारी अष्टमी कशी. एवढा हिशेब दुसरीतला मुलगा करील.

मग मसलत बसली. मालूने त्या प्रश्नातून बाहेर येऊन यंत्राची तारीख पाहिली तो चौऱ्याण्णव साल, जानेवारी महिना. खाशांनी रविवारी परीक्षेसाठी फिरविलेले साल फिरलेलेच राहिले होते, आणि मुहूर्त निघाला तो पाच वर्षांपूर्वीच्या दहा डिसेंबरचा. उत्तम मुहूर्त होता, पण होऊन गेलेला. ज्या किल्लेदारास बदलावयाचे, त्यालाच बदलीची तारीख विचारली होती. कुंडलिकराव हे ऐकून हळूच म्हणाले, "अरे विठ्ठल, मग माझी स्कूटर?" विठ्ठलराव म्हणू लागले की चूक तर चूक, पण वेळ साधू, निदान घटका तरी ती आहे, आणि मालू म्हणू लागली की साधा नाहीतर सोडा पन ठरवा, आणि हौसाबाई म्हणू लागल्या की जरा पाणी प्या. या वादात अकरा वाजून दहा मिनिटे आली आणि गेली.

अकरा वाजून चौदा मिनिटे झाली तेव्हा जगनच्या मनगटावर एकोणतीस होती. पंधरा झाली तेव्हा त्याने शब्दाप्रमाणे, मिनिट न चुकवता, पंपाचे बटण दाबिले. जिन्याखालून घुर्र ऐसा आवाज उठला, डोक्यावरचा दिवा पिवळा पडला, पडदा थरथरला, आणि मग फट् होऊन तळमजला काळोखात गेला. पंखा गरगरत गरगरत थांबला. यूपीएसने टीं केले आणि शांत झाले.

मालूने मनगटावर पाहून हिशेब सांगितला की अकरा-दहाला होय म्हटले असते, तर जुना उतरवून ठेवण्यात चार मिनिटे गेली असती, आणि पाचव्या मिनिटाला जुना पुसून झालेला, नवा अर्धाच आलेला, नेमके याच जागी आपण असतो. विठ्ठलराव भिंतीशी टेकून जमिनीवर बसले. म्हणाले, "मी लोकांना तारखा देतो. आणि मला आजची तारीख ठाऊक नाही. मालू, हे यंत्र गुंडाळ. मी नाही याच्या लायकीचा." हे शब्द बखरीत नोंदताना आम्हांस बरे वाटले नाही, पण बोलले ते बोलले.

हौसाबाईंनी त्यांस काही समजाविले नाही. त्यांनी कुंडलिकरावांस हुकूम केला की फ्यूजची तार आणावी. तार घरात नव्हती, दुकान नाक्यापलीकडे, आणि रिक्षा दिसेना. कुंडलिकरावांनी जिन्याखालच्या चादरीकडे एकवार पाहिले, विठ्ठलरावांकडे एकवार पाहिले, आणि मग चादर ओढून काढिली. चौथ्या किकला गाडी लागली. मुहूर्ताविण पहिली फेरी फ्यूजच्या तारेसाठी जाहली आणि कुंडलिकराव हसत हसत परत आले, कारण आणल्यापासून उभीच असलेली गाडी भलतीच गोड पळाली होती. जगनने तार बसविली, आणि त्याच्या घड्याळाची कैफियत तेव्हा उघड जाहली. तो म्हणाला, "साहेब, मी तर टायमावरच चालू केला." आणि ते खरेच होते.

पंप पुन्हा चालू जाहला आणि या वेळी टिकला. विठ्ठलराव तसेच बसलेले. हौसाबाई त्यांच्या शेजारी खाली बसल्या, पिशवीतून डबा काढिला, थालीपीठ पुढे केले, आणि म्हणाल्या, "टाकी भरून वाहायला लागली की पंप बंद. मग उद्या सकाळपर्यंत पंप नाही. तेव्हा करा."

"मुहूर्त?"

"हाच."

बारा वाजून चाळीस मिनिटांनी गच्चीवरून पाणी धो धो खाली आले, अंगणातली मांजर पळाली, दुसऱ्या मजल्यावरून कोणी जगनच्या नावे ओरडले, आणि पंप थांबला. कुंडलिकराव खुद्द जिन्याखाली बटणापाशी खुर्ची टाकून बसले, आणि शेजारी जगन, त्याचे घड्याळ काढून कुंडलिकरावांच्या खिशात. पहिली फ्लॉपी वीज गेली तेव्हा यंत्राच्या पोटातच होती, न जाणो म्हणून ती मालूने बाजूस टाकिली आणि दुसरी घातली. विठ्ठलराव उठले, हात पुसले आणि कळ दाबिली.

जुना किल्लेदार चौथ्या फ्लॉपीत सुखरूप उतरला. मग पडद्यावर आडवी पट्टी उभी राहिली आणि पांढरे चौकोन एकेक करून पुढे सरकू लागले. मालू कधी नव्हे ती नखे खात होती. विठ्ठलराव चौकोन पाहत नव्हते, डोळे मिटून आवाज ऐकत होते, फ्लॉपीचा आणि पंख्याचा, कारखान्यात ऐकत तसे, आणि आवाज सरळ होता. पट्टी भरली. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, आणि पडदा काळा. काळाच. एवढा वेळ काळा की हौसाबाईंनी नवऱ्याचा दंड धरिला, चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदा. आणि मग टूं.

शिंग वाजले. नव्या किल्लेदाराने कोठारे मोजिली, कीबोर्ड पाहिला, आणि दरवाजा उघडिला. मालूने टोपण परत मूळ खुंटीवर सरकविले, वहीतल्या नोंदी एकेक करून पुन्हा भरल्या, आणि मग एकतीस डिसेंबर नव्याण्णव, अकरा अठ्ठावन्न घातले. तोवर शिंग ऐकून कुंडलिकरावही आत आले, आणि दोन मिनिटे चौघे उभ्याने पाहत राहिले. पडद्यावर एक जानेवारी दोन हजार ऐसे उमटले. विठ्ठलरावांनी नाक पुसले, आणि सांगितले की बोंबलाच्या वासाने डोळ्यांतून पाणी येते. मग यंत्रात दहा डिसेंबर नव्याण्णव ही खरी तारीख घातली गेली, आणि ती विठ्ठलरावांनी वाचिली, मालूने वाचिली, कुंडलिकरावांनी वाचिली, आणि हौसाबाईंनी चष्मा नसता लांबून वाचिली, तेव्हाच यंत्र बंद करू दिले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पौषात, जानेवारीच्या बारा तारखेस, मनुबाईंस कन्यारत्न जाहले. खाशांनी वेळ घातली, यंत्राने जन्म कबूल केला, आणि प्रिंटर कर्रर्र करू लागला. पत्रिका पाळण्याखाली ठेविली गेली तेव्हा तिला किंचित बोंबलाचा वास येत होता. व्याह्यांच्या गुरुजींनी ती हुंगून पाहिली आणि ग्रह बरोबर आहेत ऐसा अभिप्राय दिला. जुन्या किल्लेदाराची फ्लॉपी हौसाबाईंनी देव्हाऱ्याच्या खणात ठेविली आहे. आणि त्या दिवसापासून चिठ्ठीवर वार आणि साल दोन्ही छापले जाते, आणि मुहूर्त न्यावयास कोणी जिना चढून आला की विठ्ठलराव यंत्रातून चिठ्ठी काढतात, क्षणभर हातात धरतात, आणि आत हाक मारतात.

"अगं, आज तिथी कोणती?"

आतून उत्तर येते, मग चिठ्ठी देतात. हे दप्तर येथे मोर्तब केले.